मुडद्याला 'येतो' म्हणणारा माणूस

माझा आवाज ही कंधार शहराची सार्वजनिक मालमत्ता आहे! खोटं वाटत असेल तर एकदा आमच्या बसस्थानकावर येऊन बघा. चौकशीच्या खिडकीत मी बसतो. "नांदेडकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे" एवढं मी माईकवर म्हटलं की झोपलेले उठतात, उठलेले पळतात आणि पळणारे चुकीच्या गाडीत चढतात. आता एवढी ताकद आवाजात असल्यावर माणसाला वाटणारच ना, की आपला जन्म नट व्हायला झाला होता आणि वाटेत कुठंतरी गाडी बदलली! माझं नाव सुदर्शन, पण गाव मला 'कंट्रोलर साहेब' म्हणतं. घरात माझ्या कंट्रोलमध्ये टीव्हीचा रिमोटसुद्धा नाही, ही गोष्ट वेगळी.

तर एके दिवशी नशिबाने माझ्या खिडकीत डोकं घातलं. नशिबाने गॉगल घातला होता आणि केस मागे बांधले होते. 'सातबारा रक्ताचा' या मालिकेचे दिग्दर्शक! मालिका तुम्ही पाहिली असेल. वाळूच्या धंद्यातली दोन गुंड घराणी, एक आप्पांचं आणि एक नानांचं. दर भागात कोणीतरी मरतो आणि पुढच्या भागात त्याचा भाऊ येतो, त्यामुळे माणसांचा तुटवडा कधी पडत नाही. किल्ल्यातलं चित्रीकरण उरकलं होतं. आता नाना जिथं लपून बसतात आणि मारले जातात, असं एक साधंसुधं घर त्यांना हवं होतं.

"माझं घ्या!" मी म्हटलं. "भाडंबिडं काही नको. फक्त एक रोल द्या!"

घरी हे सांगितल्यावर माझी बायको शिवकन्या हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आली.

"खून? आपल्या घरात?"

"खोटा गं!"

"खोटा असू द्या न्हाई तर खरा. स्वयंपाकघरात न्हाई करायचा. हॉलमधी करा. अन् देवघराच्या दारात कुणी उभं राहायचं न्हाई."

एवढ्या अटींवर परवानगी मिळाली. आप्पांच्या चार मारेकऱ्यांपैकी मी चौथा. संवाद एकही नाही! ज्याच्या आवाजावर अर्ध्या मराठवाड्याच्या गाड्या सुटतात, त्याला मुका मारेकरी केलं. पण मी मनाला समजावलं, की थोर नट डोळ्यांनी बोलतो.

चित्रीकरणाच्या दिवशी नाना आमच्या हॉलमध्ये जेवायला बसले होते. नानांचं काम करणारे शरणप्पा मूळचे देगलूरकडचे. नांदेडला शिवणकामाचं दुकान चालवतात, नाटकाचं वेड. शिवकन्येने त्यांच्या ताटात खरीखुरी पुरणपोळी वाढली होती, कारण 'माणूस मरायचाच आहे तर उपाशी कामून मरावा' असं तिचं म्हणणं. आमची लेक तनुजा कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांच्या खोट्या बंदुका सांभाळत होती. नांदेडच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची नोकरी करते, त्यामुळे चित्रीकरणातल्या खोट्या रक्ताकडे बघून तिने नाक मुरडलं होतं.

"ॲक्शन!"

तिघे धाडधाड आत घुसले. मी चौथा. उंबऱ्याशी थांबलो, चपला काढल्या, नीट भिंतीकडे सरकवल्या आणि मग बंदूक रोखून आत गेलो.

"कट! काका, खून करायला आलात, सत्यनारायणाला नाही!"

काय करणार? वीस वर्षं ज्या घरात चपला काढून शिरलो, तिथं पाय ऐकेनात. वरून शिवकन्या पडद्याआडून म्हणाली, "आत्ताच पुसून घेतलंय बरं का!" शेवटी मला घट्ट नाड्यांचे बूट घालण्यात आले. पुढच्या वेळी उंबऱ्यावर पाय जरासा अडखळला, पण आत शिरलो. गोळ्या सुटल्या. शरणप्पा पोळीचा घास हातात धरूनच कोसळले. काय मरण होतं महाराजा! तिघे पळत बाहेर गेले. मी सगळ्यांत मागे. दारापाशी पोचलो, आणि भरल्या घरातून, पानावर बसलेल्या माणसासमोरून तसंच कसं निघायचं? मी वळलो. मुडद्याकडे बघितलं आणि सवयीने म्हटलं, "बरं, येतो मग!"

कॅमेरा चालूच होता. आणि तेवढ्यात मेलेल्या नानांच्या तोंडून हळूच आलं, "हां, या!"

तेही आमच्याकडचेच ना!

मला वाटलं, आता गेली नटगिरी. पण दिग्दर्शक उठून उभे राहिले होते. गॉगल कपाळावर. "काका! काय थंडपणा! मुडद्याला सांगून जाताय, की तुझ्या पूर्ण खानदानासाठी परत येणार आहे! हे सुचलं कसं?"

"सुचतं कधीकधी," मी म्हटलं. नानांचं 'या' त्यांनी नंतर आवाजातून काढून टाकलं. माझं 'येतो' ठेवलं.

हा भाग दाखवला गेला आणि कंधारमध्ये मी राजा झालो! बसस्थानकावर कंडक्टर घंटी मारायच्या आधी माझ्याकडे बघून "बरं, येतो मग" म्हणू लागले. पार माहूरला देवीच्या दर्शनाला चाललेले भाविक वाट वाकडी करून माझं घर बघायला यायला लागले. घरासमोर मल्लेशचं चहाचं हॉटेल. त्याने तर कामच हातात घेतलं. कोणी अनोळखी माणूस घराकडे टक लावून बघताना दिसला, की कपबशी पुढे करायची आणि खून कसा झाला ते साग्रसंगीत सांगायचं. चहा संपेपर्यंत खून संपत नसे, त्यामुळे दुसरा चहा व्हायचाच.

आता जरा गंभीर गोष्ट सांगतो. याच दिवसांत तनुजाला औशाचं स्थळ आलं होतं. मुलगा रविकिरण, लातूरच्या कॉलेजात शिकवतो. याआधी आलेली सगळी स्थळं आमच्या पोरीने चहाच्या ट्रेबरोबर परत पाठवली होती. या वेळी पाहुणे गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या शर्टाचं सैल झालेलं बटण बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, आता आणखी कुणाला बोलावू नका." मी बाप आहे, कळलं! त्या आनंदात दुसऱ्या दिवशी लातूरची गाडी मी उगाच एकदा जास्त पुकारली.

मुलाचे वडील अर्जुनराव आणि आई उमादेवी घरी येऊन पसंती कळवणार होते. मध्ये फक्त चौकशी राहिली होती. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सोयरीक जुळवताना माणसं घरात बसून गोड बोलतात, आणि खरी माहिती काढायला कोणीतरी जाणता माणूस गुपचूप येऊन समोरच्या हॉटेलात चहा पितो. मीही औशाला जाऊन पिऊन आलो होतो. मल्लेशला मी बजावूनही ठेवलं होतं, "कुणी विचारलं तर आमच्याबद्दल चांगलं सांग रे!"

"साहेब, तुम्ही काळजीच करू नका!" मल्लेश म्हणाला होता. तिथंच मी काळजी करायला हवी होती.

दोन-चार दिवसांनी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ मल्लेशच्या बाकावर येऊन बसले. ते रविकिरणचे मामा, किशनराव. बाजारभाव सोडले तर टीव्हीवर काहीच न बघणारे. मल्लेशला वाटलं, आला आणखी एक मालिकावाला! पुढचा संवाद मल्लेशने मला नंतर मोठ्या अभिमानाने जसाच्या तसा करून दाखवला.

"हे समोरचं घर कंट्रोलरचं का?"

"हाव! हेच की! इथंच पडला नानाचा मुडदा!"

किशनरावांची बशी तोंडाजवळच थांबली. "मुडदा?"

"हॉलमधी! पुरणपोळी खाऊन राहिला होता बिचारा. घास हातातच राहिला!"

"मग... पाडला कुणी?"

"चौघं होते. त्यात आपले साहेब! सगळ्यांत मागं राहिले अन् निघताना मुडद्याला म्हणले, बरं, येतो मग! आहाहा!"

"बायको न्हवती का घरात?"

"वहिनीच तर! रगत त्यांनीच पुसलं. बादल्यावर बादल्या! लई चिकट असतंय म्हणल्या, पण माणूस जेवून मेला ह्याचं समाधान हाय."

"अन्... पोरगी?"

"तनुजाताई? बंदुका त्यांच्याच ताब्यात की! कुणाला कोणती द्यायची, सगळं त्याच बघत होत्या. लई हुशार पोरगी!"

बघा, सांगितल्याप्रमाणे चांगलंच सांगितलं होतं!

"पोलिस न्हाई आले?" किशनराव एवढंच कसंबसं बोलले.

"आले होते ना! माझ्याकडंच चहा पिले. लई गोड माणसं. साहेबांसंगं फोटो काढून गेले. अन् दिवाळीनंतर अजून दोघांना मारायचं चालू हाय. साहेब म्हणले, घर आपलंच हाय, कधी बी या!"

नेमका त्याच वेळी मी जेवायला घरी आलो. बाकावर पांढऱ्या टोपीचा पाहुणा, नजर माझ्यावर खिळलेली, हातातल्या बशीतला चहा बाकावर सांडतोय. मी ओळखलं, चाहता! चाहत्याला निराश करणं माझ्या स्वभावात नाही. मी डोळे बारीक केले. बोटांची बंदूक केली. 'ठो!' केलं. आणि ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "बरं, येतो मग!"

चाहता चहा टाकून पळाला. मला वाटलं, भारावून गेला.

ड्यूटीवर परत गेलो, तर तीच टोपी लातूरच्या गाडीत, खिडकीशी अंग चोरून बसलेली! एवढा लांबचा माणूस आपल्यासाठी आला, मला भरून आलं. मी माईक उचलला. "लातूर गाडीतले पांढऱ्या टोपीवाले पाहुणे, सुखरूप पोचा. तुमचा चेहरा आमच्या ध्यानात राहील!"

टोपी खिडकीतून नाहीशी झाली. माणूस सीटखाली गेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी औशाहून फोन आला. अर्जुनराव अगदी हळू आवाजात बोलत होते, "पत्रिका जुळत न्हाई. माफ करा. आमचं कुणाचं काही चुकलं असंल तर पोटात घाला साहेब." आणि ठेवून दिला.

पत्रिका तर आधीच जुळली होती! रविकिरणने तनुजाला फोन करून विचारलं, पण त्यालाही घरात 'पत्रिका' एवढंच सांगितलं होतं. तनुजा रडली नाही, भांडली नाही. संध्याकाळी टीव्हीवर माझाच भाग परत दाखवत होते. तिने तो बंद केला, रिमोट माझ्या हातात दिला आणि आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा रिमोट माझ्या हातात आला आणि मला तो कुठे ठेवावा ते कळेना.

तेवढ्यात मल्लेश उजळल्या तोंडाने दारात. "साहेब, काल औशाचा माणूस आला होता! पांढरी टोपी! सगळं सांगितलं बघा त्याला!"

"औशाचा?" मी आणि शिवकन्या एकदमच ओरडलो.

"हाव! घरात कोण कोण हाय, पोरगी कशी हाय, लई बारीक इचारत होता. म्हणलं, एवढी आवड हाय तर..."

मी रिमोट गपकन खाली ठेवला. शिवकन्या माझ्याकडे अशी बघत होती, की दिवाळीनंतरच्या दोघांत माझा नंबर पहिला लागणार हे नक्की झालं. बिचारा मल्लेश! सगळं समजल्यावर तो कान धरून उभा राहिला. त्याच्यावर काय रागवायचं? बोटांची बंदूक तर मीच झाडली होती.

फोनवर समजावून उपयोग नव्हता. खुनी माणसाचा फोन कोण घेतो! 'मी खून केला नाही' असं खुनी म्हणणारच. मग पुरावा काय? डोक्यात लख्ख उजेड पडला. मुडदाच घेऊन जायचा!

मी शरणप्पांना फोन केला आणि सगळं सांगितलं. लग्नसराईचे दिवस, त्यांच्या दुकानात ब्लाउजांचा ढीग. पण तो देवमाणूस एका शब्दाने नाही म्हणाला नाही. "कंट्रोलर साहेब, तुमच्या घरचं पुरण खाल्लंय मी. चला!" दुकानाचं शटर ओढून पहाटेच्या गाडीने ते कंधारला हजर! त्या दिवसापासून या माणसाचं नाव मी देवाच्या नावानंतर घेतो. अहमदपूरमार्गे लातूर, लातूरहून औसा. गाडीत लोक वळून वळून बघत होते, कारण मारणारा आणि मेलेला एकाच कागदातून शेंगदाणे खात होते.

औशाच्या त्या घराच्या ओट्यावर किशनराव पेपर वाचत बसले होते. पेपर खाली झाला. मी दिसलो. पुढच्या क्षणी ओट्यावर फक्त टोपी होती आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"दाजी! आला! येतो म्हणला होता, आला!"

खिडकीच्या फटीतून अर्जुनराव बोलले. कडी काढली नाही, पण माणूस मागेही हटला नाही. "हे बघा साहेब, पत्रिका जुळली न्हाई म्हणून कुणी दारात येऊन धमकावतंय का? आम्ही साधी माणसं हावत!"

"अहो, मी पण साधाच हाय!" मी ओरडलो. "ते टीव्हीतलं होतं! हे बघा, हेच नाना! ह्यांनाच मारलं मी!"

शरणप्पा पुढे झाले, हात जोडले. "नमस्कार. मीच तो मुडदा."

"दाजी!" आतून किशनराव, "मेलेला बी संगं आणलाय!"

मी उंबऱ्याबाहेर चपला काढून, नीट भिंतीकडे सरकवून उभा होतो. माझा एवढा आवाज, पण कडी लावलेल्या दारापुढे तो काय कामाचा! खरं सांगतो, त्या ओट्यावर मी रडायच्या बेतात आलो होतो. तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या, कोणाला तरी "सर बाजूला" म्हटल्याचं ऐकू आलं आणि कडी निघाली.

दारात उमादेवी. हात पिठाचे. त्यांनी आधी शरणप्पांकडे बघितलं.

"अगंबाई! नाना! तुम्ही तर मागच्या महिन्यात गेले की हो!"

मग माझ्याकडे. मग भिंतीशी ठेवलेल्या माझ्या चपलांकडे. मग परत माझ्याकडे.

"अन् तुम्ही ते 'येतो'वाले! चौथे! थांबा, तनुजाचे वडील अन् ते एकच का? पोरगी बघायला आलो त्या दिवशी तुम्ही फेटा बांधून बसले होते, म्हणून ध्यानात आलं न्हाई!"

झालं असं होतं, की अर्जुनराव दुपारी मार्केट यार्डात गेले की उमादेवी स्वयंपाकघरात मोबाईलवर 'सातबारा रक्ताचा' बघायच्या. घरात कोणाला पत्ता नव्हता, आणि एवढ्याशा पडद्यावर घर कुणाचं ते त्यांनाही कळलं नव्हतं. आणि 'बायका घाबरतील' म्हणून मामांनी खुनाची बातमी फक्त दाजींच्या कानात सांगितली होती! दोघे पुरुष दोन दिवस जीव मुठीत धरून होते आणि जिला सगळं ठाऊक होतं, ती आत भाकरी थापत होती.

"किशना," उमादेवी भावाकडे वळल्या, "तू टीव्ही कामून बघत न्हाईस रे?"

किशनरावांनी ओट्यावरून टोपी उचलून झटकली. "पण अक्का, दिवाळीनंतर अजून दोघं मारायचे म्हणला ना तो चहावाला!"

"मारू दे की! आप्पाचा भाऊ मराया पाहिजे, लई माजलाय!" मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तो भाग बघितला त्या दिवशीच मी शेजारच्या सिंधूला म्हणलं होतं, हा चौथा गुंड चांगल्या घरचा दिसतोय. खून कराया चाललाय, पण उंबऱ्यावर पाय अडखळला. अन् मुडद्याला बी येतो म्हणून निघाला. अशा घरातली पोरगी आमच्या घरी येत असंल, तर मी पत्रिका कशाला बघू? किशनाला चौकशीला पाठवायची गरजच न्हवती. मी घरी बसून चौकशी केली की!"

आम्हाला आत नेलं, जेवू घातलं. अर्जुनराव स्वतः वाढत होते. किशनरावांनी माझा हात धरून माफी मागितली, आणि मीही त्यांची मागितली, कारण भाचेसुनेचं घर नीट पारखावं म्हणून हा माणूस एवढ्या लांब आला होता. असा मामा माझ्या पोरीला मिळतोय, यापेक्षा काय हवं! शरणप्पांच्या ताटात उमादेवींनी आग्रहाने पोळी वाढली. "त्या दिवशी घास तोंडात गेला न्हाई तुमचा, माझा जीव हळहळला होता."

निघायची वेळ झाली. मी दाराशी उभा, हात जोडलेले, पण तो शब्द काही तोंडातून काढवेना.

"म्हणा की!" उमादेवी हसल्या. "ऐकायचाय!"

"बरं, येतो मग," मी म्हटलं. सगळे हसले. किशनराव हसले, पण एक पाऊल मागे सरकून.

लग्न झोकात झालं. मल्लेशने सगळ्या वऱ्हाडाला चहा पाजला आणि या वेळी तोंड उघडायचं नाही अशी शपथ घेऊन पाजला. दिग्दर्शकांचाही फोन आला. दिवाळीनंतर मला मारायचं ठरलं होतं, आणि मरण्याआधी घराकडे बघून 'जातो' एवढंच म्हणायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. घरातून निघताना जातो म्हणतात होय? रोल गेला. जाऊ दे. त्या एका शब्दाने मला एवढं दिलं होतं, की दुसरा मागायला तोंड नव्हतं.

मग पाठवणीची वेळ आली. तनुजा गाडीत बसता बसता परत फिरली. माझ्या शर्टाचं बटण नीट केलं आणि म्हणाली, "येते, बाबा."

मी हजारो गाड्या सोडल्या आहेत. निघणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते मला शिकवायला नको. पण अर्ध्या मराठवाड्याला उठवणारा तो आवाज त्या क्षणी जागेवरून हलेना. ओठ नुसते हलत होते. पोर वाट बघत उभी होती. आणि माझ्या खांद्यामागून, डोळे पुसत पुसत, शरणप्पा हळूच म्हणाले, "हां, या!"

मोठ्या आवाजाचा माणूस म्हणून मिरवतो मी! पण खरं सांगू का? माझ्या आयुष्यातल्या दोन्ही मोठ्या प्रवेशांत वेळ निभावून नेली ती मुडद्याने.